चूल बंद ठेवू नये

मी, सयाजी दत्तात्रय झांबरे, वय ७१, सेवानिवृत्त रसायनशास्त्र अध्यापक, राहणार सावळज, ता. तासगाव, जि. सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याची खात्री डॉक्टरांनी आजच केली. पत्नी इंदुमती गेल्यापासून मन कशात रमत नाही. कायद्याची त्यास हरकत नसावी.

कलम १. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते व बँकेतील सर्व ठेवी माझा एकुलता मुलगा चि. ऋषिराज यास मिळाव्यात.

कलम २. परसातील बायोगॅस संयंत्र, त्याची जागा, पाट्या, ढवळण्याची काठी व स्वयंपाकघरातील शेगडी मात्र त्यास देत नाही. खड्डा बुजवून तेथे मोटार उभी करण्याचा त्याचा मानस आहे. "आबा, सिलिंडर दारात येतोय. कशाला सांभाळायचा हा उकिरडा?" हे तो आईच्या दिवसकार्यातच बोलला. सबब ही मालमत्ता सूनबाई सौ. उत्कर्षा हिची राहील. ऋषिराज शिरवळच्या कारखान्यातून शनिवारी येतो; ती नोकरी तासगावात असल्याने येथेच राहते, आणि सासू गेल्यापासून शेण तीच कालवते. मी सांगितले नव्हते.

कलम ३. शेजारी बाळासो यांच्या बेदाणा शेडवरील नासकी द्राक्षे पूर्ववत घ्यावीत व बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे पातळ खत, त्यांच्या बागेस द्यावी. द्राक्षांची एक पाटी, तर शेणाच्या दोन. नुसती द्राक्षे घातल्यास आम्लता वाढून गॅस थांबतो. इंदुमती यास "पोट बिघडलं" म्हणे. व्याख्या पुरेशी आहे.

कलम ४. माझा धाकटा चुलतभाऊ लालासाहेब याने आमच्या घरचा चहा कधीही घेतला नाही. "वैनी, घाणीच्या गॅसवरचा च्या मला नगं. म्हशीला पाजा!" असे तो उंबऱ्यातूनच म्हणे. "आवं भावजी, तुमची ज्वारी काय अत्तरात उगवती व्हय?" हे तिचे ठरलेले उत्तर. तो हसे, कप तसाच निवत राही. तिने मनास लावून घेतले नाही. मी घेतले आहे.

कलम ५. हे कलम मुख्य समजावे.

गतवर्षी बेदाण्याच्या हंगामात इंदुमती गेली, त्या सकाळी तिने नेहमीप्रमाणे पाट्या घातल्या होत्या. नंतर रिवाजानुसार आमची चूल बंद राहिली. सुतकातील जेवण, म्हणजे कडू घास, लालासाहेबाच्या घरून आला. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. परंतु गॅस कोणी वापरीत नसल्याने वरचा लोखंडी डोम चढत गेला. सावडण्याच्या दिवशी तो पूर्ण वर येऊन कडेने बुडबुडे फुटू लागले. लालासाहेब जवळ येऊन म्हणाला, "आण्णा, लय फुगलंय हे. काय करायचं?" घातलेले आत कुजून त्याचा गॅस होण्यास महिन्याहून अधिक काळ लागतो, हे मी आयुष्यभर शिकवले. तो गॅस तिच्या हातचा होता. तो आम्ही वाऱ्यावर सोडला.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर या घरची चूल बंद ठेवू नये. दहनाहून परतताच उत्कर्षाने शेगडी पेटवावी. कडू घास बाहेरून आणू नये. पिठलं-भाकरी येथेच करावी. भावकीने नावे ठेवल्यास हा कागद दाखवावा. लालासाहेबास याखेरीज काही देत नाही: त्याने त्याच शेगडीवरचा एक कप चहा, उंबऱ्याच्या आत बसून, गरम असताना प्यावा.

याव्यतिरिक्त माझी इच्छा उरलेली नाही.

स्थळ: सावळज
दिनांक: ९ एप्रिल २०२५

(सही) सयाजी दत्तात्रय झांबरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. विश्वजित माने, तासगाव
२. (सही) लालासाहेब रामचंद्र झांबरे, सावळज

साक्षीदाराने मजकुरात भर घालू नये, असे बजावूनही क्र. २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले ते असे:

"वाचलं. आण्णा, त्याला मरायची काय गरज हाय? उत्कर्षाला आत्ताच आधण ठेवाय सांगा. मी आत बसलोय."