प्रीमियर सरांच्या वर्गातली होडी

सर, तुम्ही दोनदा प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आमच्याकडचे मुख्यमंत्री झालात. पण मला भेटलात ते निवडणूक हरल्यावर. कॅनडात नवाच आलेला मी पंचविशीतला ड्राफ्ट्समन, आणि गावच्या वाचनालयात दर मंगळवारी आम्हा परक्या मुलखातल्या लोकांना इंग्रजी शिकवणारे तुम्ही. म्हणून माझ्यासाठी सरच.

काल इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला, नात स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिला शाळेत एका पुढाऱ्यावर रेफेराट द्यायचंय, म्हणजे वर्गापुढे दहा मिनिटं बोलायचं. माझ्या हट्टापायी तिने तुम्हाला निवडलं होतं. "आजोबा, यांनी खेड्यातल्या छोट्या शाळा बंद केल्या म्हणून लोकांनी यांना पाडलं. आल्झो, म्हणजे थोडक्यात, हरलेला माणूस! मी दुसरं कुणीतरी घेते." "थांब गं," म्हटलं, "पुढचं तिथे लिहिलेलं नसणार."

आणि सांगता सांगता तो मंगळवार माझ्यापुढे उभा राहतो. वर्गातली बेकरीवाली बाई तुम्हाला सुनावतेय, "माझ्या पोरांची शाळा तुम्हीच बंद केलीत!" तुम्ही खडू खाली ठेवता. "केली. मोठी शाळा दिली, बस दिली, फक्त तुम्हाला विचारायचं राहिलं. म्हणून आता आधी ऐकतो, मग शिकवतो." तुमचा नियमच होता तो: धड्याआधी एकाने आपल्या भाषेतली कविता म्हणायची. त्या दिवशी पाळी माझी. शाळेत पाठ केलेली होडीची कविता मी म्हटली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. शेवटी होडी गव्हाने भरून घरी येते हे ऐकून तुम्ही टाळ्याच वाजवल्यात. "ही ओळ मला भाषणात सुचली असती, तर निवडून आलो असतो!"

नात खळखळून हसली. "हरला आणि मग शिकवायला लागला? भारी आहे हा! हाच घेते. पण कविता तू येऊन म्हणायची हं, आजोबा." म्हणजे सोमवारी मी जर्मन पोरांपुढे उभा. सकाळपासून आरशासमोर हातवारे चाललेत.

हे पत्र कुठे धाडणार, वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय, सर. त्या दिवशी मला शेवटचं कडवं आठवेचना. वाचनालयाच्या खिडकीबाहेर तुमच्या प्रांतातला गहू डोलत होता, तोच मी होडीत भरला. मूळ कवितेत होडी रिकामीच परत येते. सोमवारीही मी गहूच भरणार आहे.