पाटी चुकीच्या भिंतीवर आहे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, मीही विचारले नाही. गेल्या महिन्यात केलेला मसुदा मी फाडला आहे. का, ते पुढे येईल.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गॅलरी, तसेच बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तिचे वडील लाइनमन होते. ती चार वर्षांची असताना खांबावरून पडून गेले. पुढे मी बोर्डावर बसून लोकांचे फोन जोडत राहिले आणि ती शेजारच्या खोलीतल्या बाकावर गृहपाठ करीत मोठी झाली. तिने या घराचे काय वाटेल ते करावे. फक्त गॅलरीला जाळी बसवू नये, मला तो प्रकार बघवत नाही. तेव्हा बघायला मी नसेन, तरी.

कलम २. शिवणयंत्र धाकट्या भावजयीला. भावाला काही नाही. मंडळाच्या प्रदर्शनाला 'येतो, येतो' म्हणत तीन वर्षे तो फिरकला नाही. राग नाही, नोंद असावी म्हणून लिहिले.

कलम ३. मंडळ म्हणजे आमचे स्थानिक इतिहास मंडळ. दर गुरुवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते, सभासद सगळे साठीपुढचे. निवृत्तीनंतर घर खायला उठले, तेव्हा मी आणि हेडसरांनी (निवृत्त मुख्याध्यापक, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे) मिळून ते सुरू केले. तिथे मला सगळे नंबरबाई म्हणतात. माझा टेपरेकॉर्डर आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणींच्या एक्केचाळीस कॅसेट मंडळाला द्याव्यात. त्यांवर कोणी गाणी भरू नयेत. घडीची खुर्ची पोस्टमनकाकांना. ते दर बैठकीत डुलकी काढतात, आणि ही खुर्ची झोपेत मिटत नाही हे मी बसून पाहिले आहे.

कलम ४. हे कलम वकीलबाईंच्या मते मृत्युपत्रात बसत नाही. तरी राहू द्यावे.

आपल्या गावातले पहिले एक्स्चेंज घड्याळजीच्या दुकानावर होते, असे मी मंडळात ठासून सांगितले. मला कामावर शिकवणाऱ्या बाईंनी तसे सांगितले होते. हेडसर म्हणाले, "नाही, ते पिठाच्या गोदामामागे होतं. पण माझ्याकडे कागद नाही." मग मंडळाने हात वर करून निकाल लावला. अकरा माझ्या बाजूने, एक त्यांचा. हेडसर उठले, छत्री घेतली आणि म्हणाले, "इतिहास असा ठरवत नाहीत, बाई." ते परत आले नाहीत.

घड्याळजीच्या भिंतीवर पितळी पाटी लागली. खाली 'माहिती' म्हणून माझे नाव. दोनच वर्षांत रद्दीच्या गठ्ठ्यात मला तारा टाकल्याचा जुना नकाशा सापडला. एक्स्चेंज गोदामामागेच होते, तारखेसकट. मी तो सहा वर्षे साड्यांच्या घडीत ठेवला. चौतीस वर्षे मी लोकांना एकमेकांशी जोडून दिले, पण माझे नाव कोणी विचारले नव्हते. ते एकाच ठिकाणी लिहिलेले होते आणि मला ते पुसायचे नव्हते. दुसरे कारण शोधून पाहिले, सापडले नाही.

कलम ५. फाडलेल्या मसुद्यात 'सदर नकाशा माझ्या पश्चात हेडसरांना द्यावा' असे होते. वकीलबाईंनी वाचून सहज विचारले, "आणि ते तुमच्या आधी गेले तर?"

मी त्याच दुपारी रिक्षा केली. हेडसरांनी दार उघडले. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. नकाशा हातात घेऊन म्हणाले, "वाचा." मी वाचला.

"परत वाचा. तारीख सावकाश."

परत वाचला. मग ते म्हणाले, "कधी सापडला?"

"सहा वर्षं झाली."

त्यांनी नकाशाची घडी घालून तो मांडीवर ठेवला. मी चपला घालायला उठले, तर म्हणाले, "बसा. चहा मलाच करावा लागतो, वेळ लागेल." चहात साखर नव्हती. मी मागितली नाही.

पुढच्या गुरुवारी मी मंडळात उभी राहून सगळे सांगितले. पोस्टमनकाका त्या दिवशी जागे होते. पाटी उतरवली आहे. नव्या पाटीवर हेडसरांचे नाव घालायचे ठरले, तर ते म्हणाले, "नाव कशाला? नकाशाचा क्रमांक घाला." तसेच झाले. त्यामुळे नकाशाबाबत आता काही वाटप शिल्लक नाही.

कलम ६. त्या दिवसापासून दर बुधवारी मी हेडसरांकडे जाऊन जुनी कागदपत्रे वाचून दाखवते. माझ्या मागे हे काम मुलीने करावे. ही सक्ती नाही, इच्छा आहे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला इतिहासात काडीचा रस नाही."

मी म्हटले, "त्यांना आहे. तुला फक्त वाचायचंय."

"आणि ते चुका काढतील."

"काढतील."

ती म्हणाली, "बुधवारी किती वाजता?"

वरील मजकूर मी पूर्ण वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. साक्षीदाराला यातून काही मिळत नाही, हे दोघांना सांगितले आहे.

सही: नंबरबाई, निवृत्त ऑपरेटर

साक्षीदार १: खालच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई

साक्षीदार २: हेडसर (मजकूर मोठ्याने वाचून घेतला. कलम ४ दोनदा.)

स्थळ: वाचनालय, वरची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार