नातीनं गाडीची हवा वाढवली

रविवार, दिवाबत्ती झाल्यावर

आज लई खुशीत हाय. आमच्या ह्यांच्या मागं राहिलेली जुनी टर्बो गाडी माझा लेक वसंता उद्या भंगारात देणार होता. कोनच्या तरी मिस्त्रीनं स्क्रू आवळून टर्बोची, म्हंजी इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, हवा वाढवली, तेव्हापासून चढ आला की त्याची शिट्टी जोरात वाजायची नि गाडी मरायची.

वसंताची पोरगी सुजाता म्हणाली, "आजी, हवा वाढवली, पण इंजिनाच्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नाही. तो घाबरून डिझेल तोडतो." मला लगेच पटलं. चुलीत नुसतं फुंकून काय व्हतंय, लाकूड पण सारावं लागतं. आता गॅस हाय म्हणा. मग तिनं स्क्रू सैल केला, लॅपटॉप जोडला. थोडी हवा वाढव, थोडं डिझेल वाढव, असं आठवडाभर चाललं.

आज वज्रेश्वरीला निघालो. पोरगी चालवत होती, वसंता तोंड फुगवून शेजारी.

"चढावर थांबली तर आजीला तूच उचलून न्यायचं," वसंता म्हणाला.

"नेईन की! तुमच्यापेक्षा हलकी आहे ती."

चढ आला, शिट्टी वाजली, मी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं. उघडले तर चढ मागं पडलेला! शिट्टी पण कशी बारीक, गोड.

देवळापाशी उतरून वसंतानं भंगारवाल्याला फोन लावला. "कल मत आना, भाय. गाडी नहीं देनी. मेरी बेटी चलाती है."

एवढ्या मोठ्यानं, की फुलवाल्या बाया वळून बघायला लागल्या.