अंकरच्या नावासकट

ती. स्वेनिंगमामांना भाचा त्रोल्सचा ब्रसेल्सहून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मधमाश्या थंडीतून सुखरूप निघाल्या ना? मामींना माझा नमस्कार सांगा.

मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण खोटं मला पगारापुरतंच जमतं. मामा, अंकरमुळे माझ्या पोटात दुखतंय. अंकर हा प्लास्टिकच्या बरणीवाल्यांचा माणूस, मी काचेच्या बरणीवाल्यांचा. इथल्या युरोपीय संसदेत मध कशात विकावा याचा कायदा होतोय, आणि त्यात आपापली ओळ घुसवायला आम्ही दोघं खासदारांमागे फिरतो. इथली रीतच अशी, की दुरुस्ती आम्ही लिहायची आणि खासदारांनी ती स्वतःची म्हणून मांडायची. (बहुतेक जण निदान वरचा मायना तरी काढतात.) गेल्या मंगळवारी तुमच्याच भागातल्या खासदार बिर्थेबाईंनी अंकरची दुरुस्ती मांडली, तीही तळच्या मजकुरासकट: ‘बाकी बुधवारी जेवताना बोलू. तुझा अंकर.’ समितीत हशा पिकला, पेपरात छापून आलं. मीही पोटभर हसलो आणि घरी जाऊन उपाशी झोपलो. बाईंचा केवढा विश्वास, की त्यांनी शेवटपर्यंत वाचलंसुद्धा नाही! सहा वर्षांत मी एकेचाळीस मसुदे दिले. माझा एक स्वल्पविरामही कुणी चोरला नाही.

आता बाईंना स्वच्छ माणूस लागेल म्हणून मी लिफ्टपाशी त्यांना गाठलं. त्या प्रेमानं म्हणाल्या, “त्रोल्स, तू फार सुंदर लिहितोस. तुझं मी नेहमी शेवटपर्यंत वाचते.” अंकरची म्हणावी तर बदनामी झाली, पण त्याला लगेच आणखी दोन संघटनांनी ठेवून घेतलं. माझी संघटना म्हणते, महिनाअखेर एक ओळ कायद्यात आली नाही तर इथलं ऑफिस बंद.

तुमचा,
त्रोल्स

ता. क. सोबत एक पत्र जोडलंय. ते साध्या कागदावर तुमच्या अक्षरात उतरवून, काचेच्या बरणीसाठी तळमळणारा म्हातारा मधवाला म्हणून बिर्थेबाईंना पाठवा. मतदाराच्या हातचं पत्र त्या बाजूला सारत नाहीत.

ता. क. २. आत्ताच मामींशी फोनवर बोललो. असं पत्र तुम्ही गेल्या महिन्यातच पाठवलंत म्हणे, प्लास्टिकच्या बाजूनं. अंकर स्वतः आला होता, तीन तास बसला, मधपेट्यांची झाकणं दुरुस्त करून गेला. मी सहा वर्षांत का फिरकलो नाही, हे मामींनी विचारलं नाही. तेच जास्त लागलं. शनिवारी येतोय. सोबतचं पत्र फाडून टाका. पण मामा, खरं सांगा, तुम्हाला तो माझ्यापेक्षा आवडला का?