अप्पांच्या वजनाची हवा

वीरेश,

मी नेमाप्रमाणे देवळात जाऊन येते. उपमा झाकून ठेवलाय, स्पर्धेला उपाशी जाऊ नकोस.

काल तू क्लासला गेल्यावर मी लिंगपूजा आटोपून तुझ्या सायकलच्या पुढच्या शॉकअपला विभूती लावली. अप्पा धावतच आले. "अगं, ही राख रबरात शिरली तर नळ्या खरवडून निघतील की!" म्हणाले, अन् स्वतः बसून मऊ कापडानं नळ्या पुसल्या. क्लासची टेस्ट बुडवून सायकलची स्पर्धा कशाला, म्हणत आठवडाभर तुझ्याशी अबोला धरलेला माणूस हा! मोबाइलवर बघून बघून सगळं शिकून राहिलेत.

मग तुझ्या छोट्या पंपानं शॉकअपमध्ये हवा भरली. किती दबतो ते बघायला मला हँडल धरायला लावून स्वतःच वर बसले. मला हसू आवरेना. पण बाळा, ती हवा त्यांच्या वजनाला बेतलेली हाय, तुला लई कडक जाईल. थोडी सोडावी लागेल.

गुपचूप सोडू नकोस मात्र. "अप्पा, जरा हँडल धरता का?" एवढंच म्हण. ते मघापासून बूट घालून बाहेरच्या खोलीत बसलेत.

अव्वा