गाडीच्या सीटची उलटी बाजू

अप्पा, ती गाडी परत आलीय. नातेपुत्याच्या आडत व्यापाऱ्याची, दोन दारांची, लांबलचक तोंडाची काळी अमेरिकन गाडी. सुरू केली की आपल्या भवानी पेठेतल्या बोळात पत्रे थरथरायचे आणि आई आतून ओरडायची, "अगं बाई, विमान उतरलं का काय!" तीच ती. आता मात्र तिला दोर लावून ओढत आणली. माझ्या दुकानासमोर अर्धा रस्ता अडवून उभी आहे, आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या मी खातेय. माझंही काही फार वेगळं नाही म्हणा. तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कधीच पुढं आले. खाली बसले की उठताना खांब धरावा लागतो, आणि सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. व्यापाऱ्यानं ही गाडी मुंबईत लिलावात घेतलेली. एके काळचा पैलवान तो, त्याला गाडीसुद्धा तालमीतलीच पाहिजे. चार दिवस उडवली आणि मग कुठलासा भाग मिळेना म्हणून भुसाराच्या गोदामात ढकलून दिली. तिथं उंदरांनी सीटा खाल्ल्या. पुढं आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात त्यानं इंजिन खोलून बसवून घेतलं, पत्रा ठोकून घेतला, रंग मारून घेतला. राहिल्या त्या सीटा. मुंबईवाल्यांनी हात वर केले. तेव्हा कुणीतरी त्याला तुमच्या मागाकडं धाडलं. उंदरांनी सोडलेला तळहाताएवढा तुकडा त्यानं तुमच्यापुढं टाकला. काळ्या-पांढऱ्या चौकड्या, पण प्रत्येक चौकडीला दात फुटलेले.

"ह्ये असंच पायजे बगा. जशी हुती तशी करायची हाय मला गाडी."

तुम्ही तो तुकडा दारातल्या उजेडात धरता. उलटा करता, सुलटा करता, नखानं एक दोरा सोडवता. "व्हईल की," म्हणता. एवढंच. मी चुलीपाशी बसून ऐकतेय.

तेव्हा मी चुलीपाशीच असायचे. लग्न मोडून घरी आले होते आणि दिवसभर भाकऱ्या थापायचे. खाणारी माणसं तिघं, आणि कडक भाकऱ्यांची चळत छताला लागायची बाकी. आई काही बोलायची नाही, तुम्हीही नाही. बोळातल्या बायका मात्र तुमच्या वाटचंही बोलून घ्यायच्या.

तुम्ही माग लावलात आणि कापड काही संपेना. व्यापारी खेटे घालतोय, तुम्ही "व्हतंय की" म्हणताय. शेवटी त्यानं मागावरचं कापड उचलून खालून बघितलं आणि कपाळाला हात लावला. दोन्हीकडून नक्षी! आपल्या चादरीसारखं दुहेरी विणलं होतं तुम्ही. वर काळं तिथं खाली पांढरं, वर पांढरं तिथं खाली काळं. सूत दुप्पट, वेळ दुप्पट.

"आवं अप्पा, मी काय सीट उलटी करून बसनार हाय व्हय?"

"हात तसाच चालतो," तुम्ही म्हणालात. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तुमच्या. आयुष्यभर चादरी विणलेला माणूस, एका बाजूचं कापड विणायचं तुमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला हसूही आलं आणि तुमची दयाही आली.

गॅरेजातल्या कुशनवाल्या चाचांनी तर कापड बघूनच कानाला हात लावले. "अप्पा, ये सीटका कपड़ा है या हत्तीकी झूल? मशीनकी सुई टूट गई ना जी मेरी!" दुसरी सुई लावली, तीही गेली. मग तुम्ही घरी आलात, चुलीसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "भाकऱ्या पुरे कर आता. मोठी सुई घे अन् चल." आई दारात आडवी आली, "गॅरेजात? बाईमाणूस?" तुम्ही पायताण घालत होतात. "मग कुणी शिवायचं? मला टाका येत न्हाय."

मी गेले. पहिल्या दिवशी पदर डोळ्यापर्यंत ओढून बसले होते, दुसऱ्या दिवशी तो कमरेला खोचला. चाचा काथ्या कसा भरायचा ते दाखवायचे, मी हातानं शिवायचे. बोटं सोलून निघाली. मागच्या सीटची खालची शिवण मी घाईत लांब लांब टाके घालून उरकली. तुम्ही पालथे पडून बघितलंत.

"उसव."

"अप्पा, खाली कोण बघतंय?"

"उसवनारा बघंल की."

असा राग आला होता तुमचा! बोटांतून रक्त येतंय, आणि हे म्हणे उसवणारा. मी रडत रडत उसवली आणि बारीक टाके घालून पुन्हा शिवली. व्यापारी आला, फुरंगटूनच बसला सीटवर. मग जरा मागं रेलला. मग हात फिरवला. "बसाय झ्याक हाय की ह्ये," म्हणाला, आणि सगळ्या पेठेला कानठळ्या बसवत गाडी घेऊन गेला. नंतर त्याच्या ओळखीच्यांच्या जीपा यायला लागल्या, मंद्रूपपासूनचे ट्रकवाले यायला लागले, सगळे त्या शिवणाऱ्या बाईला विचारत. त्यावरच माझं आयुष्य निघालं, अप्पा. पुन्हा कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

तुम्ही फार थांबला नाहीत. माग मोडीत गेला. तुमच्या हातची एक चादर तुमच्याबरोबर गेली, बाकीच्या आम्ही पांघरून पांघरून विरवल्या. जपून ठेवायच्या असतात हे गरिबाला कुठं सुचतं? आज तुमच्या हातचं विणलेलं वीतभर कापड माझ्या घरात नाही. जे काही होतं ते त्या गाडीत.

आणि आता त्या व्यापाऱ्याचा नातू ती घेऊन आलाय. चांगला आहे पोरगा, वाकून पाया पडला. त्यालाही गाडी जशी होती तशीच करायचीय, खूळ रक्तातच. मोबाईलवर फोटो दाखवले. थेट अमेरिकेहून अस्सल कापड मागवलंय म्हणे, पोचेल चार-आठ दिवसांत. "आज्जी, तोवर हे जुनं फाडून टाका. आजोबांनी कुणाकडनं तरी चादरच लावून घेतली होती."

मी बरं म्हटलं. काय करू? भांडायला अंगात जोर लागतो, आणि त्याचंही खोटं नव्हतं. उन्हानं काळ्याचा तांबडा झालाय, पांढऱ्याचा चहा झालाय, बसायच्या जागी वरचं सूत पार विरलंय. मनात म्हटलं, कुणाच्या ना कुणाच्या हातनं जाणारच, माझ्या हातनं जाऊ दे.

उसवायला बसले तर टाके सुटेनात! मेले इतके बारीक. स्वतःलाच शिव्या घातल्या. मागच्या सीटची खालची शिवण कापताना तुमचे शब्द आठवले. उसवणारी मीच निघाले. मग कापड काढलं, झटकलं, अर्धं घमेलं धूळच निघाली, आणि ते पालथं पडलं.

अप्पा, खाली काळं काळंच होतं. पांढरं पांढरंच. कालच मागावरनं उतरल्यासारखं. दातांच्या चौकड्या तशाच, फक्त रंगांची अदलाबदल, आणि त्या नक्षीत ती कुणाला कळणारही नाही. मी जमिनीवर बसून मोठ्यानं रडले. शेजारीण दोरा ओवायला आली होती, ती घाबरून पाणी घेऊन आली.

कुणाला न विचारता ते कापड उलटं करून सीटांवर चढवलं. पोरगा आला, वाकून बघतो, हात फिरवतो. "आज्जी, माझं कापड कधी आलं? मला फोन न्हाय आला."

"आलंय की," म्हटलं. "तुझ्या आजोबाच्या वेळीच आलंय."

मग सगळं सांगितलं त्याला. तो सीटवर बसला, आजोबासारखाच जरा मागं रेलला. उठताना म्हणाला, "ते अमेरिकेचं आलं तर तुमीच ठेवा, आज्जी. कशाला तरी हुईल."

आज शेवटची शिवण घातली. सगळे टाके हातानं, जमले तेवढे बारीक. हे पत्र सीटच्या आत, काथ्याच्या खाली ठेवायचं असं दोन दिवस मनात होतं, म्हणून तर लिहायला घेतलं. पण लिहून व्हायच्या आधीच शिवून मोकळी झाले. आता पाठ मोडून आलीय, अप्पा, आणि खरं सांगते, पुन्हा उसवायचं त्राण नाही.