पोचवलेला भाऊ

अकोला, माघ वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थस्वरूप गोदाबाईस,

धाकट्या भावाचा पायांवर माथा. इकडे क्षेम आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहितो. तिकडचं क्षेम गेल्या सोमवारी डोळ्यांनी पाहिलंच.

दूरदेशी लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मी इथे गठ्ठे बांधतो. त्याआधी मोरस बेटावर ऊस तोडला, एडनला कोळसा वाहिला, जंगबारला लवंगा वेचल्या. सगळीकडे लोक विचारत, कुठला? मी सांगे, तेल्हाऱ्याचा. इथे गयासुद्दीन मुकादमही तेच विचारतो, पण आपल्याच मुलखात सांगताना आता जीभ अडखळते.

सोमवारी भर दुपारी तुझ्या अंगणात आलो. मला ओळखलंस, नाही म्हणू नकोस. हातातलं सूप पडलं. मग म्हणालीस, "तुले त आमी पोचवलं. आता कावून येऊन राहिला?" आत जाऊन मोहरी आणलीस, भुतावर उधळतात तशी माझ्यावर उधळलीस आणि दार लावलंस.

राग नाही. बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा माझा पुतळा केलात, दाजींनी अग्नी दिला, मैनेनं बांगड्या फोडल्या आणि मग दुसऱ्याशी पाट लावला, हे शेजारच्या लीलाबाईनं कुंपणाआडून सांगितलं. मैनेचा संसार मी मोडणार नाही. तिच्या दारावरूनही जाणार नाही.

आता खरं लिहितो. मोरसचा करार पाच वर्षांतच संपला होता. येता आलं असतं. रिकाम्या हातानं तुझ्यासमोर यायची लाज वाटली. पुढल्या बंदरात कमवू, मग जाऊ, असं करत नऊ वर्षं घालवली आणि हात रिकामाच राहिला. जिवंत असून तुला रडवलं.

बाळापूरच्या भटजींना विचारलं. पोचवलेला माणूस परतला तर त्याला तुपानं न्हाऊ घालतात, तान्ह्यासारखा मांडीवर घेतात, बारसं करतात. मग त्याला जिवंतांत धरतात. मांडी मात्र घरच्या बाईची लागते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तुझ्यावाचून दुसरी मांडी मला ठाऊक नाही. बेचाळीस वर्षांचा बाप्या मांडीवर घेतलास तर गाव हसेल. हसू दे.

शिवरात्रीला तुमच्या वेशीबाहेर बसेन. आली नाहीस तर मुंबईच्या गाड्यांबरोबर जाईन; जहाजावर मेलेल्यालाही काम मिळतं. पण बाई, आता नवा मुलूख झेपत नाही. तिथे मेलो तर रडायलाही कुणी नाही. तुमचं रडून झालं.

जुनं नाव तुम्ही जाळलंत, ते खाली लिहीत नाही.

तुझा,
तू ठेवशील त्या नावाचा